काटकोनबाईंचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं जुने लोक म्हणून गेले. जुन्या लोकांनी शिक्षकांचं प्रशिक्षण पाहिलं नव्हतं. ज्याला ऐकू येत नाही, त्यालाच ऐकू न येण्याचं सोंग आणायला सांगितलं तर काय फजिती होते, हे कळायला त्यांना भूमितीच्या बाईंना भेटावं लागलं असतं.

या बाईंना अख्खी शाळा काटकोनबाई म्हणायची. तोंडावर अर्थातच नाही, आणि पाठीमागे म्हणावं तर बाईंची पाठ कुणाला दिसतच नसे. फळ्यावर लिहिताना त्या वर्गाकडे पाठ करत नसत. उजवा खांदा फळ्याला, चेहरा वर्गाला, आणि हात आपला बाजूने आकृती काढतोय, असा नव्वद अंशांचा कारभार. त्यांचे त्रिकोण जरा कलंडलेले असत, वर्तुळं कोंबडीच्या अंड्यांकडे झुकत. पण वर्गात कुणाची हूं का चूं करायची टाप नव्हती.

खरी गोष्ट अशी होती, की बाईंचे कान गेले होते. एका दिवसात नव्हे, आवाज एकेक करून निरोप न घेताच निघून गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी गेली आणि एकदा डाळीचा कोळसा झाल्यावर घरात हा विषय उघडपणे चर्चेला आला. त्यापाठोपाठ बायकांचे आणि मुलांचे आवाज अंधूक झाले. शाळेत नेमके हेच दोन आवाज जास्त असतात. माणूस समोर असला, त्याचं तोंड दिसत असलं, की बाई ओठांवरून बोलणं बिनचूक उचलत. पाठीमागून कुणी हाक मारली तर मात्र ती वाया जायची. लोक म्हणत, "बाई भारी मानी." हाक मारली तरी वळून न बघण्याचा मान शाळेत त्यांच्याखेरीज फक्त मुख्याध्यापिकांना होता.

म्हणून बाईंच्या वर्गाचे कायदे कडक. एका वेळी एकानेच बोलायचं. बोलणाऱ्याने उभं राहायचं, तोंडापुढे हात धरायचा नाही, पेन चघळायचं नाही, खिडकीशी गप्पा मारल्यासारखं बोलायचं नाही. त्याचं संपेपर्यंत दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. आणि उत्तर सांगून झालं, की फळ्यावर येऊन काढून दाखवायचं. मुलांना ही शिस्त वाटे, पालकांना वळण वाटे. बाईंच्या दृष्टीने ती झाकली मूठ होती.

एकदा शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "ती चष्मेवाली, खिडकीजवळची, तुमच्या तासाला बोलते म्हणे?"

"बोलते की. का?"

"माझ्याकडे तोंड उघडेल तर शपथ. अडखळते ना फार. पोरं फिदीफिदी हसतात, मग ती मिटून घेते."

काटकोनबाईंना हे नवीन होतं. ती मुलगी बोलायला वेळ घेते, हे त्यांनी पाहिलं होतं. पण त्यांना वाटे, पोर विचार करून बोलते. विचार करून बोलणारं माणूस शाळेत इतकं दुर्मीळ, की बाई तिच्या तोंडाकडे कौतुकाने बघत उभ्या राहत. आणि मधे तोंड घालायला तर बंदीच होती.

हे सगळं बिनबोभाट चाललं असतं. पण शाळेत फतवा निघाला, की प्रत्येक शिक्षकाने सर्वसमावेशक शिक्षणाचं प्रशिक्षण घ्यायचं. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचं लक्ष टिकत नाही, ज्यांना अक्षरं नाचताना दिसतात, अशी सगळी मुलं एकाच वर्गात गुण्यागोविंदाने कशी शिकतील, ते आठवडाभरात शिकायचं. शेवटच्या दिवशी पाठ घ्यायचा. त्यात जो नापास होईल, त्याला पुढच्या सत्रात वर्ग नाही.

"मग काय?" कुणीतरी विचारलं.

"भांडार," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे खडू, डस्टर, मोडके नकाशे आणि चित्रकलेचे सर ठेवलेले होते. सरांची नजर अधू झाली तेव्हा शाळेने त्यांचा मोठा सत्कार केला, भाषणं केली आणि त्यांना खडू मोजायला बसवलं. चांगला माणूस. कुणीही आलं, की आनंदाने उठे आणि पांढऱ्याऐवजी पिवळा खडू देई. त्यांच्या शेजारी अजून एक खुर्ची मावेल, असा हिशोब काटकोनबाईंनी डोळ्यांनी कधीच करून ठेवला होता. म्हणून तर त्या आपल्या कानांबद्दल ब्र काढत नव्हत्या. नापास झालं तर भांडार, आणि कान उघडे पडले तरी भांडार. बाईंना वर्ग सोडायचा नव्हता. खडू मोजण्यात त्यांना रस नव्हता, खडू झिजवण्यात होता.

प्रशिक्षण द्यायला तज्ज्ञ मॅडम आल्या. वयाने तरुण, उत्साहाने त्याहून तरुण, आणि सोबत रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे. पहिली अख्खी सकाळ कुणाला काय म्हणायचं नाही, यात गेली. आंधळा म्हणायचं नाही, बहिरा म्हणायचं नाही, मठ्ठ म्हणायचं नाही, गुंड तर मुळीच नाही. दुपारच्या जेवणापर्यंत शिक्षकांची अशी गत झाली, की मुलांबद्दल बोलायला एकाकडेही शब्द उरला नाही. खोलीत इतकी शांतता याआधी फक्त पगारवाढीची मागणी कोण मांडणार, या प्रश्नावर झाली होती.

मग मॅडमनी कानगोष्टींचा खेळ काढला. एकाने दुसऱ्याच्या कानात वाक्य सांगायचं, त्याने तिसऱ्याच्या. त्यांच्या कानाशी वाकले खेळाचे शिक्षक, ज्यांना शाळा शिट्टीसर म्हणायची; कारण ते बोलण्यापेक्षा शिट्टीच जास्त वापरत. सर कुजबुजले. बाईंना गालावर गरम वारा तेवढा जाणवला. त्यांनी मान डोलावली आणि शेजारणीच्या कानात, मनात येईल ते सांगितलं, "व्यास त्रिज्येच्या दुप्पट असतो."

शेवटच्या माणसाने तेच मोठ्याने सांगितलं. मुळात वाक्य होतं, "प्रत्येक मूल म्हणजे वेगळं फूल." तज्ज्ञ मॅडम टाळ्या पिटत म्हणाल्या, "बघितलंत? संदेश वाटेत कसा बदलत जातो!" आणि त्यांनी एक गुलाबी चिठ्ठी भिंतीला चिकटवली.

इथवर निभावलं. पण मग मॅडमनी बरणी आणली. बरणीत चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक अडचण. जी येईल ती घेऊन तासभर विद्यार्थी म्हणून बसायचं. "नुसतं वाचून कळत नाही," मॅडम म्हणाल्या, "जगून बघायचं."

शिट्टीसरांना 'लक्ष न टिकणारं मूल' आलं. ते पाच मिनिटं बसले, खिडकीतून मैदान बघितलं, उठून बाहेर गेले ते आलेच नाहीत. मॅडमनी लिहिलं: अत्यंत जिवंत. सर खरं तर मैदानावर व्हॉलीबॉलचं जाळं कुणी सोडवून ठेवलंय, ते बघायला गेले होते.

काटकोनबाईंनी बरणीत हात घातला. चिठ्ठी उघडली. 'ऐकू न येणारं मूल.'

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. परमेश्वरावर त्यांचा विश्वास बेताचाच होता, पण त्याला विनोदबुद्धी आहे, हे त्यांना त्या क्षणी पटलं.

मग त्या रोज करत तेच त्यांनी केलं. पहिल्या बाकावर, मधोमध बसल्या. मॅडमच्या ओठांवरून नजर हलवली नाही. मॅडम फळ्याकडे वळल्या, की बाई शेजारणीच्या वहीत डोकावत. सगळे हसले, की त्याही हसत, फक्त पापणी लवेल एवढ्या उशिराने. प्रश्न आला तर उत्तर देत. तासभर त्यांना अर्धंच कळलं, आणि ते अर्धंसुद्धा घाम गाळून.

तास संपल्यावर मॅडम हळहळल्या. "बाई, तुम्ही भूमिकेत शिरलाच नाहीत. सगळं तर ऐकू येत होतं तुम्हाला."

"असं वाटलं?"

"वाटलं काय, दिसतच होतं. असं मूल असं वागत नाही. तुमच्या देहबोलीत ते कुठेच नव्हतं." मग मॅडमनी स्वतः करून दाखवलं. कानामागे पंजा धरला, मान पुढे काढली, तोंड उघडं ठेवलं आणि म्हणाल्या, "आँ?" साऱ्या खोलीने माना डोलावल्या.

बाईंच्या नावापुढे लाल चिठ्ठी लागली. शेवटचा पाठही प्रत्येकाने आपापली अडचण धरूनच शिकवायचा होता, म्हणजे वर्गात अडचण घेऊन वावरणं काय असतं, ते अंगात मुरेल. "त्या दिवशी सुधारून दाखवा," मॅडम म्हणाल्या, "नाहीतर माझा नाइलाज आहे."

घरी हे सगळं ऐकून बाईंच्या नवऱ्याला एवढं हसू आलं, की त्याला सोफ्याचा हात धरावा लागला. निवृत्त माणूस, हसायला वेळच वेळ.

"अगं, बहिरेपणात नापास झालेली पहिली बहिरी तू," तो म्हणाला.

"बहिरी म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"ते सांगत होत्या तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं."

नवरा पुन्हा हसला. मग गंभीर होऊन समोर येऊन बसला. या घरात गंभीर गोष्ट समोर बसूनच सांगावी लागे. "सांगून टाक ना एकदाचं. लेकीने आणून दिलेलं ते कानाचं मशीन टॉवेलांखाली पडलंय. घाल आणि जा."

"म्हणजे उद्यापासून मी आणि चित्रकलेचे सर. ते पिवळे खडू देतील, मी हाकेला ओ देणार नाही. अहो, मला वर्ग हवाय. मला दुसरं काही येत नाही."

"स्वयंपाकही," नवरा तोंड वळवून म्हणाला. ही त्याची जुनी सोय होती. बाईंचे कान गेल्यापासून जे जे बोलायची हिंमत नव्हती, ते ते तो बायकोच्या पाठीला सांगे आणि मन हलकं करी. त्याची तब्येत उत्तम होती.

शेवटी दोघं आरशासमोर उभे राहिले आणि नवऱ्याने बायकोला ऐकू न येणं शिकवलं.

"पंजा कानामागे. तसा नाही, तो सलाम झाला. मान पुढे. आता तोंड उघड आणि म्हण."

"आँ."

"अगं, प्रश्न विचारल्यासारखं. तू तर डॉक्टरला घसा दाखवतेयस."

बाईंनी मनापासून सराव केला. आयुष्यात इतकं खोटं त्या कधी वागल्या नव्हत्या, आणि तेही खऱ्या गोष्टीसाठी.

पाठाच्या दिवशी मोठ्या खोलीत खुर्च्यांचं गोल कडं केलेलं होतं. मॅडमचं म्हणणं, फळ्यापाशी उभं राहून शिकवणं ही सत्ता गाजवण्याची रीत आहे; शिक्षकाने मुलांच्या मधोमध वावरायला हवं. कड्यात विद्यार्थी म्हणून सहकारी बसले होते आणि दारापाशी मुख्याध्यापिका चहाचा कप घेऊन. बाईंनी ते कडं पाहिलं. भूमिती शिकवणाऱ्याला सांगायला नको, की कड्याच्या मध्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीशी कायम अर्धा वर्ग असतो. काटकोन कुठे धरणार?

विषयही वर्तुळच. बाई दोरी, खडू घेऊन मधे आल्या. शिट्टीसरांना एका जागी धरून ठेवायला दोरीचं एक टोक दिलं असतं, पण ते नेमके मागे होते. म्हणून त्यांनी विज्ञानाच्या बाईंना जमिनीवर दोरी दाबून धरायला लावली आणि ताणलेल्या दोरीने फरशीवर वर्तुळ काढायला घेतलं. आणि इथे घोटाळा झाला. कितीतरी वर्षांनी त्यांना वर्तुळ त्याच्याकडे तोंड करून, दोन्ही डोळे लावून काढायला मिळालं होतं. खडूची रेघ गोल गोल सरकत गेली, स्वच्छ, एकसारखी, अंड्याचा मागमूस नाही. बाई रमल्या. पंजा विसरल्या, मान विसरल्या, "आँ" तर पार विसरल्या.

मागून शिट्टीसरांनी प्रश्न विचारला, "बाई, दोरी ढिली पडली तर?" बाई रेघ ओढत राहिल्या. सरांनी पुन्हा, मोठ्याने विचारलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणी खोकलं. मॅडमनी स्वतः हाक मारली, "बाई!" काही नाही. मग शिट्टीसरांनी सवयीने, विशेष विचार न करता, गळ्यातली शिट्टी तोंडात घेतली आणि बाईंच्या डोक्यामागे कचकन फुंकली.

सगळी खोली खुर्चीतून वीतभर उडाली. मुख्याध्यापिकांच्या हातातला चहा त्यांच्या अंगावर आला. दोरी धरलेल्या विज्ञानाच्या बाई किंचाळल्या. काटकोनबाईंच्या हातातली रेघ केसभरसुद्धा हलली नाही. त्यांनी वर्तुळ पुरं केलं, टोकाला टोक जुळवलं, कंबर सरळ केली आणि समाधानाने म्हणाल्या, "झालं. आता प्रश्न असतील तर विचारा."

तज्ज्ञ मॅडमचे डोळे पाणावले होते. त्या पुढे आल्या, त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले. समोर होत्या, म्हणून बाईंना सगळं कळलं. "याला म्हणतात भूमिका जगणं," मॅडम म्हणाल्या. "एवढ्या शिट्टीला पापणीही हलली नाही. एका आठवड्यात केवढी प्रगती!" लाल चिठ्ठी निघाली, हिरवी लागली. मुख्याध्यापिका ओला पदर झटकत पुढे आल्या आणि भाषणाच्या सुरात म्हणाल्या, "ज्याला अडचण आहे, त्याची जागा वर्गात आहे, हे आज बाईंनी दाखवून दिलं." फोटो काढला गेला.

झालं होतं. वर्ग वाचला होता. बाईंनी हसून घरी जायचं, एवढंच बाकी होतं.

पण शिट्टीसरांना राहवेना. त्यांनी सगळ्यांपुढे कानामागे पंजा धरला, मान लांबवली, जबडा सोडला आणि म्हणाले, "आँ?" खोली हसली. मॅडमही हसल्या, म्हणाल्या, "सर, तुमचंही छान आहे, पण बाईंचं अस्सल."

बाईंचं डोकं फिरलं. यात थोरपणा वगैरे काही नव्हता. घरी आरशापुढे केलेला तो पंजा त्यांना दुसऱ्याच्या कानामागे दिसला, आणि आपण कसे दिसलो असतो, ते कळलं.

"मी सोंग केलं नाही," बाई म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही. खरंच येत नाही. कितीतरी वर्षं येत नाही."

बाईंना वाटलं, संपलं, जिन्याखालची खुर्ची. आणि मग त्यांना टाळ्या दिसल्या. एक हात, दोन हात, मग सगळेच. शिट्टीसर रुमालाने डोळे टिपत होते.

"अजून बाहेर आल्या नाहीयेत भूमिकेतून," मॅडम सगळ्यांना म्हणाल्या. "कुणी त्यांना घाई करू नका."

"अहो, खरं सांगतेय," बाई म्हणाल्या. टाळ्या वाढल्या.

घरी नवऱ्याने हे सगळं समोर बसून ऐकलं, आणि या वेळी तो हसला नाही. "हे बघ," तो म्हणाला, "लपवत होतीस तेव्हा भीती ठीक होती. आता तू चारचौघांत कबूल केलंस आणि तुला टाळ्या मिळाल्या. आता लपवायचं कुणापासून?" तो उठला आणि टॉवेलांखालून मशीन काढून घेऊन आला.

सोमवारी बाई कानात मशीन घालून, केस मागे घेऊन शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकांनी ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट उलगडत गेली, शिट्टी, चहा, सगळं. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे बाईंचा मोठा फोटो लागला होता आणि खाली लिहिलं होतं: आमच्या सर्वसमावेशक शाळेचा चेहरा. फोटो वरच्या कार्यालयातही गेला होता.

"रंग छान आहे मशीनचा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"चित्रकलेच्या सरांचं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"त्यांचं काय?"

"ज्याला अडचण आहे, त्याची जागा वर्गात आहे. तुमच्याच ओठांवरून वाचलंय मी."

चित्रकलेचे सर त्याच आठवड्यात जिन्याखालून वर आले. ते आता मुलांना मातीकाम शिकवतात, आणि मुलांचे शर्ट पाहून पालक तक्रार करतात, म्हणजे शिकवणं चांगलं चाललंय. तज्ज्ञ मॅडमनीही मशीनचा फोटो मागवून घेतला. पुढच्या प्रशिक्षणात तो 'भूमिकेसाठी स्वतः तयार केलेलं साहित्य' म्हणून दाखवतात, असं ऐकिवात आहे. घरी नवऱ्याची मात्र पंचाईत झाली. "आता मी बोलायचं कुठे?" त्याने विचारलं. "बाल्कनीत," बाई म्हणाल्या, तेही पाठमोऱ्या.

त्या सोमवारच्या पहिल्या तासाला बाई वर्गात आल्या, खडू घेतला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना सरळ फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वर्गाने बाईंची पाठ पहिल्यांदाच पाहिली. हात मोकळा सोडून बाईंनी एक गरगरीत वर्तुळ काढलं. मागे कुजबुज झाली, बाक करकरला, कुणाची तरी पट्टी पडली. इतके बारीक बारीक आवाज वर्गात होतात, हे बाई विसरून गेल्या होत्या. त्यांतला एक आवाज उठून उभा राहिला.

"बा... बा... बाई."

बाई वळल्या. खिडकीजवळची चष्मेवाली उभी होती. हात तोंडापासून दूर, नजर समोर, कायद्याप्रमाणे. बाईंनी तिला आजवर पाहिलंच होतं; ऐकलं आज. शब्द दारात अडकत होते, मागे सरत होते, पुन्हा धडका देत होते. पुढच्या बाकावरचा एक जण हसण्यासाठी श्वास घेतोय, हेही बाईंना ऐकू आलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने तो श्वास तसाच परत सोडला.

मग बाई नेहमीसारख्या तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. घाई नव्हती.

"बाई, आ... आज तुम्ही का... काटकोन नाही," मुलगी म्हणाली. "स... स... सरळकोन झालात."

ते नाव तोंडावर कुणी घेतलं नव्हतं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आता फळ्यावर ये आणि काढून दाखव."